गोंदण गेलं कुठे? नाशिकमधल्या एका वेट प्लेट पोर्ट्रेटचा प्रकरण अभ्यास

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदार कुटुंबाने आजीच्या पंचाहत्तरीला तिचा एक फोटो करून घ्यायचं ठरवलं. मोबाईलवर तिचे शेकडो फोटो होते. हा मात्र 'जुन्या पद्धतीचा' हवा होता, म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी निघायचे तसा, धातूच्या पत्र्यावर, हातात धरता येईल असा. कल्पना नातीची. पुण्यात शिकताना तिने कुठल्याशा प्रदर्शनात वेट प्लेट पाहिल्या होत्या आणि जुन्या नाशकात एका वाड्याच्या चौकात हे काम करणारा छायाचित्रकार आहे, हे तिने शोधून काढलं. दिवाळीनंतरची तारीख ठरली, आगाऊ रक्कम पोचली, आजी गाडीत बसून आली. प्लेट उत्तम झाली. आणि घरच्यांनी ती घ्यायला नकार दिला.

तो नकार समजून घेणं हा या टिपणाचा विषय. मी फोटोग्राफी शिकवतो. फोटोसाठी झालेल्या दोन्ही बैठकांना मदतनीस म्हणून हजर होतो, त्यामुळे जे लिहितोय ते समोर पाहिलेलं आहे. कुटुंबाची आणि छायाचित्रकाराची नावं ठरवून गाळली आहेत. प्रकरण लिहायला दोघांचीही हरकत नाही.

आधी प्लेट कशी होते ते

वेट प्लेट कोलोडियन ही पद्धत इंग्लंडच्या फ्रेडरिक स्कॉट आर्चरने 1851 मध्ये प्रसिद्ध केली. पेटंट घेतलं नाही, त्यामुळे ती झपाट्याने पसरली. तीनच वर्षांत, 1854 मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ नारायण दाजी हे तिथल्या सुरुवातीच्या सभासदांपैकी आणि स्वतः चांगले छायाचित्रकार. म्हणजे ही काही विलायतेहून परवा आलेली हौस नाही. मराठी माणसाच्या हाताला तिचे काळे डाग पडून पावणेदोनशे वर्षं होत आली.

काळे डाग हे अक्षरशः. सिल्व्हर नायट्रेट कातडीला लागलं की उन्हात काळं पडतं आणि आठवडाभर निघत नाही. डोळ्यात गेलं तर प्रकरण गंभीर, म्हणून काम करताना गॉगल लागतोच. आमच्या छायाचित्रकाराच्या बाथमध्ये, म्हणजे पत्रा बुडवायच्या टाकीत, नऊ टक्क्यांचं द्रावण असतं. लिटरमागे नव्वद ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट, म्हणजे साधारण सत्तावन्न ग्रॅम शुद्ध चांदी. त्यामुळे त्याच्या धंद्याचा भाव सराफ बाजारात ठरतो, असं तो म्हणतो, आणि ते खोटं नाही.

पत्रा हल्ली अॅल्युमिनियमचा असतो, एका बाजूने चकचकीत काळा. ट्रॉफी आणि नावाच्या पाट्या करणारे वापरतात तोच. त्यावर कोलोडियन ओततात. इथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं गनकॉटन (आम्लांत मुरवलेला ज्वालाग्राही कापूस), त्यात आयोडाइड आणि ब्रोमाइडचे क्षार. ओतण्यात सगळं कसब. मधोमध डबकं करायचं, ते चारही कोपऱ्यांना पोचवायचं आणि शेवटच्या कोपऱ्यातून उरलेलं परत बाटलीत घ्यायचं. कोपऱ्याला बोट लावलं तर चिकटावं पण ओघळू नये, इतपत सुकलं की पत्रा चांदीच्या बाथमध्ये. तीन-चार मिनिटांनी बाहेर काढला की वर सायीसारखा पापुद्रा आलेला असतो. हे अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखाली. मग तो ओलाच कॅमेऱ्यात, ओल्यावरच एक्स्पोजर आणि ओला असेपर्यंतच डेव्हलप. सगळं मिळून दहाएक मिनिटांचा खेळ. नाशिकच्या कोरड्या थंडीत त्याहूनही कमी.

थंडीचा मोसम निवडण्यामागे आणखी एक कारण होतं. इथर 34.6 अंशांना उकळतं. चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा कोलोडियनची बाटली उघडणं म्हणजे आगीला आवतण देणं. हा गडी होळी झाली की वेट प्लेट बंद करतो आणि दिवाळीपर्यंत कागदावरची कामं करतो. जुने लोक फिक्सरला, म्हणजे प्रतिमा पक्की करायला, पोटॅशियम सायनाइड वापरत. त्याने उजळ छटा मिळतात हे खरं. पण वाड्यात शेजारी दोन बिऱ्हाडांची स्वयंपाकघरं आहेत. तो साधा हायपो (सोडियम थायोसल्फेट) वापरतो आणि त्यावर चर्चा करत नाही.

बैठक

आजी निळं नऊवारी नेसून आली होती. स्वच्छ आकाशी निळं, त्याला लाल काठ. आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली, पण पांढरं नेसायचं नाही हे तिने तेव्हाच ठरवलं होतं, असं सूनबाईंनी गाडीतून उतरतानाच सांगितलं. कुंकू ती लावत नाही. कपाळावर गोंदण आहे: भुवयांच्या मध्ये एक ठिपका, त्याखाली आडवी कोर. हनुवटीवर तीन ठिपके. डाव्या हाताच्या कोपराखाली तुळशीवृंदावन आणि मनगटाजवळ विंचू. सगळं लहानपणी जत्रेत गोंदवून घेतलेलं, आता कडा पसरून निळसर-हिरवट झालेलं. "दवाखान्यात हातातल्या बांगड्या काढून घेत्यात," ती सहज म्हणाली, "ह्ये न्हाई काढता येत कुनाला."

हे वाक्य त्या वेळी कोणी फारसं मनावर घेतलं नाही.

चौकात उत्तरेच्या ओसरीला खुर्ची मांडली. वर मोकळं आभाळ, थेट ऊन नाही. कोलोडियनला असा उजेड फार मानवतो, कारण सावलीत येतो तो सगळा आकाशाचा निळा प्रकाश. मानेमागे लोखंडी टेकू लावला. पेट्झवाल पद्धतीचं, भरपूर उजेड घेणारं पितळी भिंग पूर्ण उघडं ठेवूनही सहा-सात सेकंद स्थिर बसावं लागतं, आणि पंचाहत्तरीला मान थोडी हलतेच. चष्मा काढायला लावला. आजकालच्या भिंगांवर अतिनील किरण अडवणारा लेप असतो, त्यामुळे प्लेटवर साधा चष्माही गॉगलसारखा काळपट येतो. हे त्याला माहीत होतं आणि त्याने ते नीट समजावून सांगितलं.

आजी जागची हलली नाही. झाकण काढलं, मोजलं, लावलं. आत जाऊन फेरस सल्फेटचा डेव्हलपर एका झटक्यात प्लेटवर फिरवला, पंधरा सेकंदांत पाण्याने थांबवला. मग हायपोचा ट्रे बाहेर आणला, कारण पुढचा भाग पाहण्यासारखा असतो. दुधी-निळसर, उलट्या छटांचा चेहरा हायपोत पडला की कडेने साफ होत जातो आणि बघता बघता सुलटा होतो. सगळे ट्रेवर वाकले होते. सुरकुती न् सुरकुती, डोळ्यांतला ओलावा, पदराचा पोत. नात "बाप रे" म्हणाली. सूनबाई काही क्षण गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "अहो, पण कपाळ मोकळं दिसतंय."

मोकळंच होतं. ठिपका नाही, कोर नाही. हनुवटी कोरी. हात मांडीवर होता, त्यावर तुळशीच्या जागी नुसती सावळी कातडी. त्यात भर म्हणजे आकाशी लुगडं जवळजवळ पांढरं आलं होतं आणि लाल काठ काळा. ज्या बाईने पांढरं नेसायचं नाकारलं आणि जिच्या कपाळावरचं गोंदण नवऱ्यामागेही राहिलं, तिची पत्र्यावर पांढऱ्या लुगड्यातली, मोकळ्या कपाळाची प्रतिमा उमटली होती. आजीने पत्रा हातात घेतला, उजेडाकडे तिरका धरला.

"ह्ये पुसलं कुनी?"

छायाचित्रकाराने सांगायचा प्रयत्न केला की कोणी पुसलेलं नाही, पद्धतच अशी आहे. लेक, म्हणजे आजीचा मुलगा, वैतागला. त्याचं म्हणणं सरळ होतं: मोबाईलमध्ये दिसतं ते एवढ्या मोठ्या कॅमेऱ्यात का दिसू नये? त्यांनी प्लेट तिथेच ठेवली. आगाऊ रक्कम परत मागितली नाही, पण उरलेली दिली नाही. नाशिक-निफाड रस्त्यावर गाडीत काय बोलणं झालं असेल ते मी सांगू शकत नाही, तरी अंदाज बांधता येतो.

पुसलं कोणी, या प्रश्नाचं खरं उत्तर

कोलोडियनला लाल, पिवळा आणि बहुतेक हिरवाही दिसत नाही. त्याला दिसतो निळा, जांभळा आणि त्यापलीकडचा अतिनील. म्हणून आकाशी रंग त्याला पांढराच. लाल, शेंदरी, हळदीचा पिवळा हे त्याला काळे. कुंकू लावून बसलात तर कपाळावर शाईचा ठिपका येईल. सोन्याचे दागिने काळपट येतात, अंगावर प्रकाश चमकला तेवढंच उजळतं. येवल्याची गर्द जांभळी पैठणी आणली तर ती फिकी आणि तिची जर गडद दिसण्याची तयारी ठेवावी लागते. सावळी कातडीही डोळ्यांना दिसते त्याहून काळी येते, कारण त्वचेतलं मेलॅनिन नेमके हेच किरण शोषतं. त्यामुळे आपल्याकडे एक्स्पोजर चेहऱ्यासाठी वाढवावं लागतं आणि मग फिके कपडे आणखीच पांढरेफटक पडतात.

इतपत गोष्टी हे काम करणाऱ्या कोणालाही ठाऊक असतात. गोंदणाचं गणित जरा खोल आहे. शब्दशः खोल.

पारंपरिक गोंदणाचा रंग म्हणजे काजळी. काजळी काळी असते. मग गोंदण निळं-हिरवं का दिसतं? कारण ती काजळी त्वचेच्या वरच्या थरात नसते. वरचा थर सतत झडून नवा येतो, तिथे ती टिकलीच नसती. ती खालच्या थरात असते आणि आपण तिच्याकडे वरच्या थरातून पाहतो. लाल प्रकाश कातडीत बराच आत शिरतो, काजळीपर्यंत पोचतो, तिथे शोषला जातो. निळा प्रकाश इतका आत जातच नाही. वरच्या वरच विखरून बाहेर येतो किंवा मेलॅनिनमध्ये संपतो. म्हणजे गोंदणाच्या जागेवरून लाल परत येत नाही, निळा मात्र शेजारच्या कातडीइतकाच येतो. डोळ्याला म्हणून ते निळसर वाटतं. आणि ज्या माध्यमाला निळ्याशिवाय काही दिसतच नाही, त्याच्यासाठी गोंदलेली आणि कोरी कातडी एकच. अतिनीलाची पोच तर निळ्याहूनही कमी.

उलट टोकाला इन्फ्रारेड: तो आणखी आत जातो. संग्रहालयांतल्या ममींच्या अंगावरचं, डोळ्यांना न दिसणारं गोंदण इन्फ्रारेड फोटोंतून शोधतात ते याच कारणाने.

याचा एक जाहीर दाखला न्यूझीलंडचा आहे. माओरी लोकांच्या चेहऱ्यावरचं ता मोको हे पारंपरिक गोंदण एकोणिसाव्या शतकातल्या वेट प्लेटवर जवळपास नाहीसं व्हायचं. तिथल्या मायकल ब्रॅडली या छायाचित्रकाराने 'पुआकी' नावाच्या प्रकल्पात तीच गोष्ट आजच्या माणसांवर मुद्दाम करून दाखवली: एकाच माणसाचा एक फोटो वेट प्लेटवर, एक डिजिटल रंगीत, शेजारी शेजारी. एकात कोरा चेहरा, दुसऱ्यात मोको. ते फोटो पाहिलेले असले की निफाडच्या आजीची प्लेट पाहून धक्का बसत नाही, पण त्या दिवशी वाड्यात त्यांची आठवण कोणाला झाली नाही, हेही तितकंच खरं.

इथे एक पोटमुद्दा, जो मला या प्रकरणातला सर्वांत मोलाचा वाटतो. आपल्याकडच्या जाती-जमातींचे जे सरकारी अल्बम 1850 ते 1880 च्या दरम्यान निघाले, 'द पीपल ऑफ इंडिया'चे 1868 ते 1875 मधले आठ खंड धरून, त्यांतले बरेचसे फोटो कोलोडियन निगेटिव्हवरून छापलेले आहेत. त्यांत एखाद्या बाईचं कपाळ कोरं दिसलं म्हणून ती गोंदवून घेत नव्हती, असं कोणी अनुमान काढलं तर ते टिकणार नाही. जर्मनीच्या हर्मन फोगेलने 1873 मध्ये रंगद्रव्य मिसळून प्लेटला हिरवा 'दाखवायची' युक्ती शोधली. सगळे रंग ओळखणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेट बाजारात आल्या 1906 च्या सुमारास. म्हणजे गोंदण फोटोत धडपणे यायला विसावं शतक उजाडावं लागलं. आपल्या त्र्यंबकेश्वरात 1870 साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी फोटोग्राफी शिकली ती या स्थित्यंतराच्या ऐन मधल्या काळात. जुना फोटो म्हणजे पुरावा, हा आपला भाबडा समज आहे. तो पुरावा असतो, पण निळ्या प्रकाशात जे दिसलं त्याचा.

पर्यायांची चाचपणी

आठवडाभराने नातीचा फोन आला. आजी रागावलेली नव्हती, पण "माहं कपाळ दिसल असा फोटो काढा" असं म्हणत होती. छायाचित्रकाराने मला बोलावलं आणि आम्ही काय काय करता येईल ते मांडलं.

पहिली सूचना नातीचीच होती: गोंदणावरून काजळाच्या पेन्सिलीने गिरवायचं. काजळ कातडीच्या वर असतं, ते निळा प्रकाश शोषतं, त्यामुळे प्लेटवर नक्की दिसेल. पाच मिनिटांचं काम, एका प्लेटचा खर्च. तांत्रिक बाजूने यात खोट काढता येत नाही. आजीला फोनवर विचारलं तेव्हा ती हसायलाच लागली. गोंदलेल्यावर परत रंगवायचं म्हणजे नाटकात काम केल्यासारखं होईल, असा तिचा सूर होता. मलाही ते पटलं नव्हतं, वेगळ्या कारणाने. पसरलेल्या, फिकटलेल्या कडा हेच त्या गोंदणाचं वय आहे. पेन्सिलीची रेघ ते वय खोडून टाकते.

दुसरा, झालेल्या प्लेटवर ब्रशने गोंदण रंगवणं. याला इतिहासाचा भक्कम आधार आहे. त्या काळात गालांवर गुलाबी आणि दागिन्यांवर सोनेरी रंग सर्रास भरत, आपल्याकडच्या स्टुडिओंत तर फोटोवर रंगकाम करणारे चित्रकारच नोकरीला असत. छायाचित्रकाराला हा पर्याय आवडला होता. पण लुगड्याचा पांढरेपणा त्याने जाणार नव्हता आणि प्लेटला व्हार्निश अजून लागायचं होतं. सँडरॅक डिंकाचं गरम व्हार्निश चढवताना रंग फिसकटण्याचा धोका. बाजूला ठेवला.

तिसरा, आधुनिक पॅनक्रोमॅटिक फिल्म मोठ्या कॅमेऱ्यात घालून भिंगावर लाल फिल्टर लावायचा. गोंदण खणखणीत येईल. फिल्म मात्र महाग, आणि नातीला हवा असलेला हाताने घडवलेल्या वस्तूचा भाग त्यात राहत नाही.

चौथा जमला. फोटो डिजिटल कॅमेऱ्याने काढायचा, त्यातला कोणत्या रंगाचा प्रकाश किती घ्यायचा हे आपण ठरवायचं, पारदर्शक फिल्मवर इंकजेट प्रिंटरने त्याची निगेटिव्ह छापायची आणि ती मीठ आणि चांदी लावलेल्या कागदावर ठेवून उन्हात सॉल्ट प्रिंट करायचा. सॉल्ट प्रिंट ही विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बटची पद्धत, वेट प्लेटच्याही आधीची, 1839 मध्ये जाहीर झालेली. ती सुद्धा निळ्या-अतिनीलालाच प्रतिसाद देते. पण तिच्यासमोर बसते ती निगेटिव्ह, आजी नव्हे. निवड आधीच झालेली असते.

शुद्धतावाद्यांना हे खपत नाही. डिजिटल घुसलं की ऐतिहासिक पद्धत कसली, असा त्यांचा सवाल असतो. माझं मत स्पष्ट आहे: पद्धत माणसासाठी. दीडशे वर्षांपूर्वीच्या रसायनाची मर्यादा आज एखाद्या बाईच्या कपाळावर लादायची असेल तर तिला विचारून लादावी. मायकल ब्रॅडलीने विचारूनच लादली होती, म्हणून ते काम उभं राहिलं.

पाचवाही एक पर्याय होता: पैसे परत करून विषय संपवणं. तो छायाचित्रकाराने स्वतःहून देऊ केला. कुटुंबाने नाकारला.

दुसरी बैठक आणि एक अनपेक्षित अडचण

आजी त्याच लुगड्यात आली, तेच हवं असा तिचा आग्रह होता. तोच चौक, तीच खुर्ची. या वेळी टेकू नको होता, चष्माही चालला. तिचा एकटीचा फोटो झाल्यावर तिने सूनबाईंना हाक मारली, "ये गं, बस हितं माह्याजवळ." दोघींचा एक काढला.

संगणकावर लाल चॅनल, म्हणजे फोटोतला फक्त लाल प्रकाश, एकटा लावला तेव्हा सगळ्यांना गंमत वाटली. आजीचं गोंदण असं उठून आलं की मनगटावरच्या विंचवाची नांगीही मोजता यावी. सुरकुत्या निवळल्या, कातडी उजळली. लुगडं गडद झालं. पण दोघींच्या फोटोत आता सूनबाईंचं कुंकू गायब! लाल कुंकू लाल प्रकाशात कातडीइतकंच उजळ असतं. "आता माझं कपाळ मोकळं केलंत का," असं त्या म्हणाल्या आणि या वेळी लेकही हसला. लुगड्याचा लाल काठसुद्धा पांढरट झाला होता.

तेव्हा उलगडलं की एका टोकाची चूक दुसऱ्या टोकाने सुधारत नाही. निळ्याला गोंदण दिसत नाही, लालला कुंकू दिसत नाही. मधला हिरवा कामाचा: त्यात कुंकू गडद येतं, गोंदणही बऱ्यापैकी दिसतं, कारण हिरवा प्रकाश निळ्यापेक्षा जास्त आत पोचतो. दोघींच्या फोटोसाठी हिरवा जास्त आणि लाल थोडा असं मिश्रण केलं. गोंदण एकटीच्या फोटोइतकं ठसठशीत राहिलं नाही. आजीच्या एकटीच्या फोटोत मात्र कुंकवाचा प्रश्नच नव्हता, तिथे लाल जास्त ठेवला, काठ जरा दिसावा इतकाच हिरवा.

प्रिंटचं काम पुढे दोन-तीन दिवस चाललं. जाड कापसाचा कागद मिठाच्या दोन टक्के पाण्यात भिजवून वाळवायचा, मग पिवळ्या दिव्याखाली ब्रशने बारा टक्क्यांचं सिल्व्हर नायट्रेट फिरवायचं. वाळला की निगेटिव्हला चिकटवून फ्रेममध्ये. फ्रेमची पाठ मधोमध दुमडते. अर्धी उघडून, कोपरा उचलून आत किती चढलंय ते पाहता येतं आणि दुसऱ्या अर्ध्याने निगेटिव्ह जागेवर राहते. आपल्याकडच्या हिवाळ्यातल्या दुपारच्या उन्हात दहा-पंधरा मिनिटं पुरली. थेट उन्हात प्रिंट लवकर चढतो पण सपाट होतो; सावलीत वेळ लागतो आणि कॉन्ट्रास्ट वाढतो. गोंदणाच्या कडा नीट याव्यात म्हणून त्याने शेवटचे प्रिंट ओसरीच्या सावलीत ठेवून केले. हवं त्यापेक्षा बरंच गडद होऊ द्यायचं, कारण हायपोत ते उतरतं. पहिल्या धुण्याच्या पाण्यात मोकळी चांदी दुधासारखी पसरली तेव्हा नात घाबरली होती; ते व्हायचंच. बोअरच्या पाण्यात क्षार असल्याने जरा जास्तच झालं. मग सोन्याच्या द्रावणात टोनिंग, म्हणजे विटकरी रंग थंड होऊन जांभळट तपकिरी होतो आणि प्रिंट टिकतोही जास्त. नंतर हायपो, आणि तासभर धुणं.

निकाल

आजीने एकटीचा प्रिंट पसंत केला. तो साध्या फ्रेममध्ये नको, कागदाला काच टेकणार नाही असा माउंट करून घ्या, एवढं छायाचित्रकाराने बजावलं, आणि थेट उन्हाच्या भिंतीवर लावू नका हेही. सॉल्ट प्रिंट नाजूक असतो. दोघींचा प्रिंट सूनबाईंनी घेतला.

नाकारलेली प्लेटही शेवटी घरी गेली. नातीने मागितली. तिचं म्हणणं होतं की ती खोटी नाही, फक्त अर्धी आहे. दोन्ही शेजारी ठेवले की आजीचा फोटो पूर्ण होतो. आजीचं यावर काय मत आहे ते तिने सांगितलं नाही. उरलेली रक्कम प्लेटची पूर्ण आणि प्रिंटची फक्त सामानाच्या खर्चाइतकी, असं ठरलं. माझ्या मते छायाचित्रकाराने प्लेटचे पूर्ण पैसे घेतले ते थोडं जास्तच झालं. प्लेट निर्दोष होती हे खरं, पण काय गमावलं जाईल हे सांगणं हाही कामाचाच भाग असतो, आणि चष्म्याबद्दल जितक्या काळजीने सांगितलं तितकं गोंदणाबद्दल सांगितलं गेलं नव्हतं. त्याला माझं हे मत माहीत आहे. तो सहमत नाही. रसायनाचा खर्च आणि वेळ लागला तेवढा लागलाच, असं तो म्हणतो.

त्याने एक गोष्ट बदलली. आता कोणी वेट प्लेटसाठी आलं की आधी मोबाईलने फोटो काढून त्यातला निळा चॅनल तेवढा वेगळा करून दाखवतो. कुंकू काळं, निळी साडी पांढरी, गोंदण फिकं, सगळं समोर. माणूस मग ठरवतो. ही युक्ती चांगली आहे, पण पुरेशी नाही. मोबाईलला अतिनील दिसत नाही आणि कोलोडियनला तो दिसतो, त्यामुळे निळ्या चॅनलमध्ये जे गोंदण अंधूक का होईना दिसतं ते प्लेटवर पूर्ण जाऊ शकतं. म्हणून अंगावर गोंदण, वांग किंवा भाजल्याचे व्रण असतील तर आधी छोट्या पत्र्यावर चाचणी प्लेट काढायची आणि ती दाखवूनच मोठी प्लेट ओतायची, असं आम्ही ठरवलंय. चाचणी प्लेटचे पैसे कोणी द्यायचे, यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही.